रॅम्प झाला, आता शिकवण्यासाठी निधी कुठून आणायचा? (दिव्यांग विद्यार्थी, सीनियर कॉलेज)

मांजराकाठ

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित सीनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आधीचे सर रिटायर झाले आणि जूनपासून दिव्यांग कक्षाची फाइल माझ्या टेबलावर आली. बीए बीकॉम मिळून १४ मुलं आहेत. चौघं पूर्ण अंध, दोघांना अगदी कमी दिसतं, दोघी कर्णबधिर, पाच जण हातापायाने अधू आणि एक सेरेब्रल पाल्सीचा मुलगा, त्याचं डोकं फार चालतं पण लिहिताना हात साथ देत नाही.

नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या वेळी कॉलेजने रॅम्प केला, एक टॉयलेट केलं. चांगलंच झालं ते, व्हीलचेअरवरची मुलं वर्गापर्यंत यायला लागली. पण वर्गात आल्यावर पुढे काय? गेल्या महिन्यात एफवायला मागणीचा नियम घेत होते, फळ्यावर वक्र काढला आणि सवयीने म्हणाले हे बघा, किंमत इथून इथं आली की मागणी अशी वाढते, वक्र असा खाली येतो. दुसऱ्या बाकावरचा अंध मुलगा शेजारच्याला हळूच विचारत होता, "असा म्हणजे कसा रे?" शेजारच्याने त्याचं बोट धरून बाकावर रेघ ओढून दाखवली. सोळा वर्षं झाली मला शिकवायला लागून, त्या रात्री झोप आली नाही.

प्राचार्य चांगले आहेत, म्हणाले प्रस्ताव लिहा, संस्था सही करेल. पण जो तो मला लिफ्ट, कॉम्प्युटर, ब्रेल प्रिंटर हेच सुचवतोय. मला पैसे पाहिजेत ते शिकवण्यासाठी. आम्हा बावीस शिक्षकांना कुणीतरी नीट शिकवावं, नोट्स त्या मुलांना वाचता येतील अशा करून मिळाव्यात, कर्णबधिर मुलींसाठी दुभाषी मिळावा. याला कुणी निधी देतं का? यूजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची पूर्वी काही योजना होती म्हणतात. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज, कितीही लांब असलं तरी वाचेन.

जुनाखडू

मॅडम, मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, त्याआधी बरीच वर्षं आमच्या कॉलेजात हेच काम माझ्याकडे होतं. तुम्ही म्हणता ती योजना हेपसन. पंचवार्षिक योजनांच्या काळात यूजीसी ती चालवायची, तिच्यात कक्ष चालवायला, इमारत सुगम करायला आणि खास उपकरणं घ्यायला असे पैसे मिळायचे. जोडीला टेप्से होती पण ती विशेष शिक्षक तयार करणाऱ्या बीएड एमएड कोर्ससाठी. बारावी योजना २०१७ ला संपली आणि पंचवार्षिक योजनाच थांबल्या, तेव्हा नेटवर जुने फॉर्म सापडले तरी त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

आम्हाला त्या योजनेतून पैसे मिळाले होते, त्याचं काय झालं ते सांगतो म्हणजे तुमच्या उपयोगी पडेल. ब्रेल एम्बॉसर म्हणजे ब्रेलचा प्रिंटर आला, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या म्हणजे स्क्रीन रीडरच्या दोन कॉपी आल्या, मोठा मॉनिटर आला, उद्घाटन झालं. एम्बॉसर चालवायला लायब्ररीतला एक मुलगा शिकला होता, त्याला दुसरीकडे कायमची नोकरी लागली आणि तो गेला, मग मशीनवर कापड पडलं ते पडलंच. ब्रेलचा जाड कागद संपला तेव्हा कळलं की बजेटमध्ये मशीनला हेड होतं, कागदाला नव्हतं. सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर होतं तो पुढे फॉरमॅट झाला. आणि प्रस्ताव मीच लिहिला होता. ज्याची कोटेशन लगेच मिळतात त्या वस्तू मी लिहिल्या, कारण त्या लिहायला सोप्या. त्या वर्षी आमच्याकडे एक अंध मुलगी होती, ती बीए झाली ती मैत्रिणीने मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलेल्या धड्यांवर. हे मला अजून लागून राहिलंय.

म्हणून तुमचा आग्रह सोडू नका. प्रस्तावाची सुरुवात कायद्यापासून करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ पासून. त्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये शिक्षणसंस्थांनी काय करायचं ते आहे, विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं, शिक्षकांना प्रशिक्षण देणं, अभ्यासक्रम आणि परीक्षेत योग्य ते बदल करणं, हे सगळं त्यात येतं. कलम ३२ मध्ये ५ टक्के जागा. जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता २१ आहेत, म्हणजे तुमच्याकडे अजून कुणी असतील ज्यांनी सांगितलेलं नाही, लर्निंग डिसॅबिलिटीवाली मुलं तर हमखास. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेबल्ड राइट्स ग्रुपच्या केसमध्ये उच्च शिक्षणाबद्दलच निकाल दिलाय, प्रवेशाबरोबर शिकवण्याच्या पद्धतीचाही त्यात विचार आहे. यूजीसीच्या २०२२ च्या सुगमता मार्गदर्शक सूचना आहेत, त्याही जोडा.

आणि प्राचार्यांना नॅकचा सातवा निकष काढून दाखवा. त्यात रॅम्पबरोबर वाचक, लेखनिक, मदतीला माणूस, वाचनसाहित्याच्या सॉफ्ट कॉपी हेही आहे. लोक रॅम्पचा फोटो लावतात आणि पुढचं वाचतच नाहीत.

पैशाचं म्हणाल तर पीएम-उषा ही केंद्राची उच्च शिक्षणाची योजना आहे, आधीच्या रुसाचं २०२३ पासूनचं रूप, कॉलेज बळकट करायला ५ कोटींपर्यंत. पण तो सगळ्या कॉलेजचा आराखडा असतो आणि राज्यामार्फत जातो. तुमची संस्था त्यात उतरणार असेल तर तुमची दोन पानं त्यात घुसवाच. सीएसआर म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल इथं जाणकार आहेत, ते सांगतील.

पांढरीकाठी

मी जन्मापासून अंध. पुण्यात एमए केलं, आता बँकेत आहे. मॅडम तुमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या जागी मी पाच वर्षं बसलोय त्यामुळे जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, स्क्रीन रीडरसाठी एक रुपया मागू नका. एनव्हीडीए फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मुलांनी २००६ मध्ये सुरू केलं, मराठी वाचतं. आवाज सुरुवातीला यांत्रिक वाटतो, पंधरा दिवसांत कान बसतो. अँड्रॉइड फोनवर तसंच टॉकबॅक असतंच.

आता खरी अडचण. मराठी मीडियमच्या कॉलेजात निम्म्या नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तुम्हाला स्क्रीनवर "मागणीचा नियम" दिसतं, माझ्या कानात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा येतो कारण फाइलमध्ये आत तेच भरलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे पुस्तकाचा फोटो काढून केलेली पीडीएफ, ती स्क्रीन रीडरला कोऱ्या पानासारखी. मला एमएला एकाच पेपरच्या एकवीस पीडीएफ मिळाल्या होत्या, त्यातली एकही वाचता येत नव्हती, आणि पाठवणाऱ्या सरांना वाटत होतं की त्यांनी मला सगळं दिलं. त्यांचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा निधीतला मोठा वाटा इथं टाका. जुन्या नोट्स युनिकोडमध्ये म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा अक्षरांत आणायच्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं बिघडतात, ती माणसानेच तपासावी लागतात. पुस्तकं स्कॅन करून ओसीआर करायची म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात आणायची, गूगल ड्राइव्ह मराठीचं ओसीआर बऱ्यापैकी करतं पण तक्ते आणि तळटीपा विस्कटतात. हे काम कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांकडून करून घ्या, वर थोडं मानधन द्या. एकदा केलेलं पुढच्या बॅचला पण चालतं, हे प्रस्तावात ठळक लिहा. कॉपीराइटचं कुणी घाबरवलं तर घाबरू नका, २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिव्यांगांसाठी सुगम प्रत करायची मोकळीक दिलीय, नफा घ्यायचा नाही एवढंच. आणि सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व चौघांचं आजच करून टाका.

दुसरी गोष्ट वक्राची. त्याला पैसे लागतच नाहीत. जाड पुठ्ठा घ्या, दोन अक्ष सुतळीचे आणि वक्र लोकरीचा, फेविकॉलने चिकटवा. अक्ष आणि वक्र वेगळ्या जाडीचे पाहिजेत, म्हणजे बोटाला कळतं कुठला कुठला. बोट चालवताना तोंडाने सांगा, "आता तू डावीकडे वर आहेस, किंमत जास्त, मागणी कमी." मला समतोलाचा बिंदू कळला तो माझ्या मावशीने असा करून दिला तेव्हा, बारावीत नाही, टीवायला. चांगल्या उठावाच्या आकृत्या पाहिजे असतील तर आयआयटी दिल्लीतून निघालेलं रेज्ड लाइन्स फाउंडेशन ते काम करतं.

तिसरं, वर्गात "हे", "ते", "असं" म्हणायची सवय मोडायला वेळ लागतो. फळ्यावर जे लिहाल ते लिहिता लिहिता मोठ्याने वाचा. बघा, डोळस मुलं पण जास्त लिहून घेतील.

खुणांचीभाषा

माझा मोठा भाऊ कर्णबधिर आहे. त्याने एसवायला कॉलेज सोडलं म्हणून लिहावंसं वाटलं. सगळेजण अंध मुलांचं बोलतात, कर्णबधिर मुलं वर्गात गप्प बसलेली असतात त्यामुळे त्यांना सगळं कळतंय असंच वाटतं. दादा पहिल्या बाकावर बसायचा, सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, ओठ दिसायचेच नाहीत. तो घरी येऊन आईला खुणेने विचारायचा की सगळे हसले ते कशाला.

मॅडम, तुमच्या त्या दोघी खुणांची भाषा वापरतात का ओठ वाचतात का श्रवणयंत्र आहे, ते त्यांनाच आधी विचारा. तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी तालुक्याला मिळणं कठीण, लातुरात चौकशी करा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर ठरावीक तासांना घ्यायचा. हा खर्च मोठा आहे आणि दर महिन्याचा आहे म्हणून प्रस्तावात लोक तो टाळतात, तुम्ही टाळू नका. दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सांकेतिक भाषेच्या संस्थेचा १०,००० हून जास्त शब्दांचा कोश आहे व्हिडिओत, पण अर्थशास्त्रातले सगळे शब्द त्यात सापडतीलच असं नाही, दुभाषी आणि मुली मिळून स्वतःच्या खुणा ठरवतात. त्यासाठी धडा आठवडाभर आधी दुभाष्याला द्यावा लागतो. वांद्र्याची अली यावर जंग संस्था या विषयावरच काम करते, ट्रेनिंगसाठी त्यांना पत्र टाका.

तोवर फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब लावून बघा, मराठीत चालतं. फोन शिक्षकाच्या जवळ पाहिजे, पंख्याच्या आवाजात चुका करतं. साधा कॉलर माइक घेतला तर फरक पडतो. आणि बोलताना वर्गाकडे तोंड, एवढं बावीसच्या बावीस जणांनी केलं तरी दादासारखं कुणी सोडून जाणार नाही असं मला खरंच वाटतं.

सातारा_ते_सिअ‍ॅटल

मी इथे एका विद्यापीठात शिक्षकांना अध्यापनात मदत करणाऱ्या ऑफिसात आहे. मॅडमना जे पाहिजे ना, नेमक्या त्याच गोष्टीसाठी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने निधी काढला होता. १९९८ मध्ये उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९९ पासून कॉलेजांना प्रात्यक्षिक प्रकल्पांसाठी अनुदान मिळू लागलं. रॅम्पसाठी ते नव्हतं. कायदे इथे आधीच होते, १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा एडीए हा दिव्यांगांचा कायदा, इमारती बदलत होत्या, तरी मुलं वर्गात मागे पडत होती. म्हणून पैसा सरळ प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना तयार करण्यासाठी दिला. तुम्हाला त्याला अर्ज करता येणार नाही, तो इथल्या कॉलेजांसाठीच होता, पण त्याचा साचा उचलता येतो.

आमच्याच गावात वॉशिंग्टन विद्यापीठाचं दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचं डू-इट केंद्र आहे, १९९२ पासूनचं. त्यांचं शिक्षकांसाठीचं साहित्य वेबसाइटवर फुकट आहे, त्यातलं दहा टक्के जरी मराठीत आणलं तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांना पुरेल, हे तुमच्या प्रस्तावात एक काम म्हणून धरा.

माझ्या अनुभवातलं एक सांगतो. एक दिवसाचं शिबिर, सभागृहात भाषण, चहा, प्रमाणपत्र, याने काही बदलत नाही. मी स्वतः अशी शिबिरं घेतलीत आणि सहा महिन्यांनी त्याच शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसलोय. बदल होतो तो शिक्षकाने स्वतःचा एक धडा आणला, शेजारी दिव्यांग विद्यार्थी बसला, आणि दोघांनी मिळून तो धडा बदलला तर. मग एका महिन्याने पुन्हा भेटायचं. म्हणून बावीस जणांना एकदम घेऊ नका, पहिल्या वर्षी पाच जण घ्या ज्यांना मनापासून करायचंय, पुढच्या वर्षी तेच पाच बाकीच्यांना शिकवतील. मुलांना या कामाचं मानधन द्या, तीच खरी तज्ज्ञ आहेत.

हिशोबनीस

सीएसआरचं बघतो, औरंगाबाद पट्ट्यात. मॅडम आधी एक तपासा, तुमच्या संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन आहे का? १ एप्रिल २०२१ पासून ते नसेल तर कंपनी तुमच्यामार्फत काम करू शकत नाही. आयकराचं १२ए आणि ८०जी पण लागतं. दहातले सहा प्रस्ताव मी या कारणाने परत पाठवलेत, कामं चांगली होती तरी.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्यांचा नफा ५ कोटींच्या वर किंवा उलाढाल १,००० कोटींच्या वर किंवा नेटवर्थ ५०० कोटींच्या वर त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. अनुसूची सातमध्ये दिव्यांगांचं शिक्षण स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे मोठ्याच कंपन्या बघू नका, नफ्याच्या निकषात जवळपासच्या साखर, डाळ, सोयाबीन प्रक्रियावाल्या मध्यम कंपन्या पण बसू शकतात, आणि त्यांच्याकडे जायला तुम्हाला मुंबई गाठावी लागत नाही. मालकांना वर्गात आणून बसवा एक तास.

बजेट लिहिताना वस्तूंचा वाटा एक तृतीयांशाच्या खाली ठेवा. बाकी माणसांच्या वेळेचे पैसे. समन्वयक अर्धवेळ, दुभाषी तासावर, नोट्स करणारी मुलं, वाचक, ट्रेनिंगला येणाऱ्यांचं मानधन आणि प्रवास. कागद, रिपेरिंग, बदली माणसाला पुन्हा शिकवणं यासाठी वेगळं हेड, वरच्या सरांनी सांगितलंय ते अगदी बरोबर आहे. तीन वर्षांचं मागा, एका वर्षात हे होत नाही. आणि तिसऱ्या वर्षानंतर कोण चालवणार हे विचारतातच, तेव्हा संस्थेचं पत्र जोडा की समन्वयकाचं मानधन संस्था उचलेल.

मोजणार काय हा दुसरा प्रश्न येतो. "बावीस शिक्षकांना प्रशिक्षण दिले" याला आम्ही फार किंमत देत नाही. "सत्र सुरू व्हायच्या दिवशी किती पेपरांच्या नोट्स अंध मुलांच्या हातात वाचता येतील अशा होत्या" हे मोजा. आज तो आकडा शून्य असेल तर शून्य लिहा, आम्हाला तेच बघायचं असतं. लेखनिक परीक्षेच्या किती दिवस आधी ठरला, तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळाला का, अंतर्गत परीक्षेत पण मिळाला का, हेही मोजता येतं. अंतर्गत परीक्षेत हमखास विसरतात.

नगरपरिषदेचा ५ टक्के दिव्यांग निधी असतो, तो बहुतेक व्यक्तिगत लाभाला जातो, तरी तुमच्या गावातल्या मुलांसाठी विचारून बघा. शिष्यवृत्त्या नॅशनल पोर्टलवर आहेत त्या मुलांच्या खात्यात जाऊ द्या, तो पैसा या बजेटमध्ये धरू नका.

मांजराकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन आठवडे उशिरा लिहितेय कारण आधी थोडं करून मग लिहायचं ठरवलं होतं.

सीएसआर-१ नव्हतं. संस्थेच्या सीएंनी कागद लावलेत. मागच्या तीन वर्षांच्या माझ्याच नोट्स उघडून एनव्हीडीएवर लावल्या, स्वतःच्या कानाने ऐकलं आणि पोटात गोळा आला. १८ फाइल्समधल्या १८ जुन्या फॉन्टमध्ये. तर शून्य हा आकडा मी खरा लिहिलाय हिशोबनीस. पहिल्या वर्षीचे पाच शिक्षक मिळाले, मराठीचे सर स्वतःहून आले. दोघी मुलींना विचारलं, एक ओठ वाचते आणि एकीला खुणाच पाहिजेत, मला वाटत होतं दोघींना एकच सोय लागेल.

आणि लोकरीचा वक्र केला. माझ्या मुलीने बसून चिकटवला. वर्गात त्याच्या हातात दिला, त्याने दोनदा बोट फिरवलं, वर गेला खाली आला, मग म्हणाला, "मॅडम, किंमत बदलली तर मी याच दोऱ्यावरून सरकणार. पण लोकांचं उत्पन्न वाढलं तर? मग अख्खा दोराच उचलून उजवीकडे चिकटवायचा का?" वक्रावरची हालचाल आणि वक्राचं स्थानांतर, हा फरक मी दर वर्षी दोन तास शिकवते आणि निम्म्या वर्गाला परीक्षेत येत नाही. आता दुसरा पुठ्ठा केलाय, त्यात वक्राला मागून टाचण्या लावल्यात म्हणजे सरकवता येतो. डोळस मुलं पण मागून नेतायत.

एक अडलंय. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला लेखनिक आहे, पण तो सांगतो ते लेखनिकाला नीट कळत नाही, बोलणं अडखळतं त्याचं. काय करता येईल?

पांढरीकाठी

लेखनिक परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटत असेल तर असंच होणार. दोघांना महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा एकत्र बसवा, जुने पेपर सोडवून घ्या, कान तयार होतो. त्याचं मानधन पण बजेटमध्ये टाका. आणि त्याला एका हाताने किंवा एका बोटाने टायपिंग जमतं का बघा, जमत असेल तर कॉम्प्युटरवर पेपर लिहायची परवानगी विद्यापीठाकडे आत्ताच मागा, ऐन वेळी मिळत नाही.

आणि मॅडम, त्या १८ फाइल्समधली पहिली दोन प्रकरणं मला निरोपात पाठवा. रविवारी युनिकोडमध्ये करून जोडाक्षरं तपासून देतो, तुमची मुलं ती बघून पुढच्या करतील.

जुनाखडू

तिसरं प्रकरण माझ्याकडे द्या. टायपिंग हळू आहे पण होईल.